एकशे दहाचा आवाज

१२ ऑगस्ट, दुपार, दुकानातून

शहाणे,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तुला आवडणार नाही म्हणून नव्हे. मलाच राग आलाय म्हणून. फोनवर तू मला बंद केलंस, मेलला उत्तर नाही, तुझ्या मैत्रिणीला गाठलं तर ती म्हणते, "मला मध्ये ओढू नकोस बाबा." मग राहिलं काय? कागद. कागद बंद करायचं बटण अजून निघालेलं नाही.

काकांना, तुझ्या बाबांना, जाऊन तीन महिने झाले. तू आलीस, आठ दिवस राहिलीस, परत गेलीस. आल्याचं मला कळलं ते तुझ्या आत्यांच्या शेजारणीकडून. मी आत्यांच्या दारापर्यंत आलो होतो. बाहेर चपलांच्या ढिगात तुझे निळे बूट दिसले आणि मागे फिरलो. घाबरलो नव्हतो. माणसं जमलेली, त्यात तमाशा नको म्हणून.

माझं चुकलं काय, एवढं तरी सांग. तू काकांना घेऊन तिकडे निघालीस त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या लॅपटॉपचा चार्जर मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? तो काळा ठोकळा उलटा करून मी तुला त्याच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचायला लावली. शंभर ते दोनशे चाळीस. तू म्हणालीस, "इतकं बारीक लिहितात म्हणजे काहीतरी लपवत असणार मेले." मी सांगितलं, हा प्राणी सोशिक आहे. आपल्याकडे भिंतीतून दोनशे तीस व्होल्ट येतात, तिकडे एकशे दहा. याला दोन्ही चालतात. फक्त तिकडची भोकं वेगळ्या आकाराची, म्हणून मध्ये हा अडॅप्टर घाल. दोन दिले होते, एक हरवला तर दुसरा. पोचल्या पोचल्या तू फोटो पाठवलास. लॅपटॉपचा दिवा लागलेला आणि खाली, "इंजिनिअरसाहेब, पेटला!"

तो फोटो अजून आहे माझ्याकडे.

काकांच्या वाफ घ्यायच्या मशीनचं मात्र मला काही विचारू नकोस. त्यांचं दम्याचं औषध त्यातून जायचं, म्हणून ती पिशवी त्यांनी मला उघडूही दिली नव्हती. "राहू दे. अर्धवट माणसाच्या हातात मी माझा श्वास देत नसतो." तू हसलीस. मीही हसलो. तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेल्याने हसायचंच असतं.

काका गेले त्या दिवशी फोनवर तू मशीनचा आवाज ऐकवलास, मी ऐकला. फोनवर कप्पाळ कळतंय! रेंज धड नव्हती, इकडे रस्त्यावर हॉर्न चाललेले. डॉक्टर असता तर त्यालाही कळलं नसतं.

एवढंच विचारायचं होतं. रागावायचं तर रागाव, पण कशाबद्दल ते कळव.

तुझा, म्हणजे होतो तसा


२९ ऑगस्ट, संध्याकाळ

शहाणे,

उत्तर नाही. बरं.

तरी लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मला धरून डॉक्टरकडे नेतील. आईने न्यायची तयारी केलीच आहे. परवा दूध नासलं. काल परत नासलं. "घरात भूत शिरलंय का? फ्रीजचं बटण कोण बंद करतं?" मी म्हणालो, मला काय माहीत. मीच करतो. फ्रीज मधूनच गुरगुरायला लागतो ना, तो आवाज एका जागी येऊन बसतो आणि मग मला त्या खोलीत थांबवत नाही. बटण बंद केलं की बरं वाटतं. मग समोरच्या गिरणीचा आवाज येतो. ती बंद करता येत नाही.

आवाजाच्या मागे श्वास असतो. दोन शब्दांच्या मध्ये घेतलेला. मान वळवली की नसतो.

दुकानात तुझ्यासारखी परदेशी जाणारी गिऱ्हाइकं येतात. अडॅप्टर मागतात. पूर्वी मी काढून द्यायचो आणि मोकळा व्हायचो. आता म्हणतो, आधी चार्जर दाखवा. त्याच्यावरचं मोठ्याने वाचा. वाचल्याशिवाय देत नाही. मागच्या आठवड्यात एक बाई केस वाळवायचं यंत्र घेऊन आल्या. म्हणाल्या, "अहो, लॅपटॉपचा चार्जर चालतो तर हे का नाही चालणार? भिंत तीच ना?"

भिंत तीच ना.

मी ओरडलो त्यांच्यावर. चार्जर वेगळा, यंत्र वेगळं, चार्जर जाईल तिथलं पचवतो, सगळ्यांना नाही पचत, अडॅप्टरने फक्त भोकाचा आकार बदलतो, आतली वीज बदलत नाही! बाई यंत्र उचलून गेल्याच. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "पिना विकायच्यात की गिऱ्हाइकाची तोंडी परीक्षा घ्यायची आहे? स्वतःची दिली नाहीस ती नाहीसच, आता जगाची घेतोस!"

दुसरा कुणी असं बोलला असता तर मी त्या दिवशी नोकरी सोडली असती. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मशीन लॅबमध्ये सर म्हणाले की ही रीडिंग तू चोरलीस, तर मी प्रयोगवही उभी फाडून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि जो निघालो तो निघालो. तू जिन्यात गाठून म्हणालीस, "सॉरी म्हण. दोन अक्षरं आहेत, दात पडणार नाहीत." मी म्हणालो, चूक नसताना का म्हणू? तेव्हा खरंच नव्हती.

मालकांना काही बोललो नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणालो, वाचा.

तू खोलीवर परत आलीस तेव्हा काका खुर्चीत होते आणि मशीन चालूच होतं, असं शेजारीण म्हणाली. हे खरं आहे का? म्हणजे सकाळी तू कॉलेजला गेल्यापासून दुपारपर्यंत ते तसंच चालू होतं? मला हे माहीत असायला नको होतं. आता रोज दुपारी जेवायला बसलो की ते चालू होतं.


१७ सप्टेंबर

आज तसंच मशीन दुकानात आलं.

पांढरा डबा, निळं बटण, तीच कंपनी. एका निवृत्त पोस्टमनचं. त्यांची सून घेऊन आली होती. नळी फाटलेली. दहा मिनिटांचं काम. नळी बदलली, लावून बघितलं. कडक आवाज, तोंडावर धरायच्या वाटीतून दाट पांढरी वाफ. झालं, पिशवीत भरायचं.

नाही भरलं. मालक जेवायला घरी गेले होते. शटर अर्धं ओढलं. कॉलेजच्या लॅबमध्ये होता तसा डिमरस्टॅट आमच्याकडेही आहे, चाक फिरवलं की वीज कमी-जास्त करणारा ड्रम. मशीन त्याच्यावर लावलं आणि चाक मागे फिरवत गेलो. दोनशे तीस. दोनशे. एकशे सत्तर. इथपर्यंत मशीन कुरकुरलं, पण वाफ येत होती. एकशे चाळीसला वाफेचा दोरा झाला. एकशे दहावर आवाज खाली बसला. घशात काहीतरी अडकलेल्या माणसासारखा. वाटीतल्या औषधाच्या जागी मी पाणी घातलं होतं, ते नुसतं थरथरत होतं. वर काही येत नव्हतं. आणि शहाणे, दिवा लागलेला होता. बटणातला दिवा लागलेला होता. बघणाऱ्याला मशीन चालूच.

मग मी एक वेडेपणा केला. दुकानाच्या फोनवरून माझ्या मोबाइलला फोन लावला, रिसीव्हर मशीनजवळ ठेवला आणि मोबाइल कानाला लावून मागच्या बोळात गेलो. भिंतीला टेकून ऐकलं.

तोच.

परत आलो तर ते बंद करायला हात पुढे होईना. बटण समोर, हात माझा, पण होईना. मालक शटरखालून वाकून आत आले. म्हणाले, "अरे, गिऱ्हाइकाची वस्तू आहे, जाळतोस की काय?" त्यांनी बंद केलं. माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. "घरी जा," म्हणाले.

तर मला आता कळलंय. तिकडच्या भिंतीत एकशे दहा होते, काकांचं मशीन दोनशे तीसचं. अडॅप्टरमुळे ते भिंतीत बसलं, दिवा लागला, आवाज आला, पण औषध वर आलंच नाही. तुझ्या चार्जरला जमलं म्हणून आपण धरून चाललो की सगळ्यांना जमेल. मीच तुला तसं शिकवलं होतं. चार्जर शिकवला, बाकीचं शिकवलं नाही.

आज कळलं. तेव्हा कळलं असतं तर सांगितलं नसतं का?

तुला हे कळलंय म्हणूनच तू माझ्याशी बोलत नाहीस, हेही आता कळलं. ठीक आहे. मी तुझ्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.


३ ऑक्टोबर

आत्या दुकानात आल्या होत्या.

शिलाई मशीनची मोटर घेऊन. ती धडधाकट होती. म्हणजे निमित्त होतं. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याशी तिचं काही बोलणं?"

मी म्हणालो, "नाही. आणि बरोबरच आहे तिचं."

"काय बरोबर आहे? ती कॉलेज सोडतेय. महिनाअखेरीला फॉर्म भरून देणार, सामान आवरणार, इकडे येऊन बसणार. म्हणते, मला शिकायचा हक्क नाही. तू तिचा मित्र ना? तूच समजाव. नाहीतर नको, तू काय समजावणार! तुलाच बघून शिकली असेल."

मी विचारलं, "हक्क नाही म्हणजे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तिकडच्या दवाखान्यात डॉक्टर तुला म्हणाले की औषध छातीत पोचलंच नाही. तेव्हापासून तू म्हणतेस, तोंडावरची वाटी मी सैल बांधली. घाईत होते, कॉलेजात माझं सादरीकरण होतं, मी पट्टा ओढून बघितला नाही. माझ्या हाताने गेले बाबा.

"आणि माझ्याशी का नाही बोलत?" मी विचारलं.

"म्हणते, त्याचा आवाज ऐकवत नाही. त्या फोनवर मी हसले होते. बाबा मागे घुसमटत होते आणि मी हसत होते."

म्हणजे तुला माहीतच नाही. इतके महिने मी समजत होतो की तू मला शिक्षा देतेयस. मनातल्या मनात भांडत होतो तुझ्याशी. तू मला काही देतच नव्हतीस. सगळं स्वतःलाच.

आत्या गेल्यावर मी हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून किती वेळ बसलो होतो, मालकांना विचार.

आता नीट वाच. पहिल्या पत्रात लिहिलं की फोनवर कळलं नाही. खोटं. मागच्या पत्रात लिहिलं की आज कळलं. तेही खोटं.

तुझा फोन आला तेव्हा इकडे संध्याकाळचे सात, तुझ्याकडे सकाळ. दुकान रिकामं होतं. रेंज चांगली होती. हॉर्न नव्हते. तू म्हणालीस, "बाबांना दम लागलाय, मशीन लावलंय, पण आवाज बसका येतोय. तू ऐक ना." आणि फोन मशीनजवळ धरलास.

दुसऱ्या सेकंदाला कळलं मला. लॅबमध्ये आम्ही मोटरला मुद्दाम निम्मी वीज देऊन तो आवाज ऐकलेला आहे. ज्या रीडिंगवरून मी कॉलेज सोडलं, ती त्याच प्रयोगाची होती. ते बंद कर, उलटं कर, खालची पट्टी वाच, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. शपथ.

तेवढ्यात मागून काका बोलले. शब्दाशब्दाला श्वास घेत. "त्या... अर्धवटाला... काय विचारतेस? इथल्या... कुणाला तरी विचार."

आणि मी म्हणालो, "काही झालेलं नाही. हवा बदलली ना, मशीनला सर्दी झाली असेल. चालू दे." तू हसलीस. तुला आठवत असेल, तू म्हणालीस, "काय रे तू!" आणि तुझी काळजी गेलीच एकदम, आवाजातून कळलं मला. मग तू म्हणालीस की उशीर होतोय, येते.

फोन ठेवला. माझ्या मनात काय होतं ते लिहितो, कारण त्याशिवाय हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. मनात होतं, दहा मिनिटं म्हाताऱ्याला नाक घासू दे. मग मीच फोन करीन, सांगीन, मशीन दुरुस्त करवून देईन इथे बसल्या बसल्या, आणि मग बघू अर्धवट कोण. दहा मिनिटं. त्यांना मरू द्यायचं नव्हतं मला. मला फक्त त्यांनी मला विचारायला हवं होतं.

मग एक गिऱ्हाईक आलं. टेबलफॅन. त्याच्याशी घासाघीस केली. पावणेआठला आठवलं आणि तुला फोन लावला, तर तू सादरीकरणासाठी बंद करून ठेवला होतास. काकांच्या फोनवर लावायला हवा होता. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. माझ्याने लावला गेला नाही. काय बोलणार होतो? मी चुकलो? त्यांना?

तेव्हा तू वाटी घट्ट बांधली असतीस, दहा पट्टे आवळले असतेस, तरी काही झालं नसतं. वाटीत वर यायला काही नव्हतंच. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तो ठेवायचं कारण मी शिल्लक ठेवलेलं नाही. मशीन तुझ्याकडेच असेल. उलटं कर, खाली चंदेरी पट्टी आहे, तिच्यावरचा आकडा वाच. मग तुमच्या कॉलेजात इलेक्ट्रिकलचं कुणी असेल त्याला विचार, की हे त्या भिंतीत लावलं तर काय होतं. तो एका वाक्यात सांगेल.

तू हसलीस ते माझ्या बोलण्यावर. मी तुला हसवलं. तू त्यांच्यावर हसली नाहीस. आणि तू विचारलं होतंस. काकांचा श्वास चाललेला असताना तू योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला होतास. उत्तर त्या माणसाने चुकीचं दिलं, जाणूनबुजून.

तो फॉर्म देऊ नकोस. मी सोडलं ते माझ्या तोऱ्यामुळे. तू सोडशील ते माझ्या खोटेपणामुळे. माझ्यामुळे आणखी काही जायला नको.


५ ऑक्टोबर

पत्र परवाच टाकणार होतो. पेटीपर्यंत गेलोही. मग वाटलं, काकांच्या बहिणीला आधी कळायला हवं. तुला लिहून मोकळं व्हायचं आणि त्यांच्या समोरून मान वर करून जायचं, हे नाही जमणार.

आत्या खिडकीजवळ शिवत बसल्या होत्या. मी दारातच उभं राहून वाचलं. पहिल्या पानाला मशीन चालू होती. 'घासू दे' पाशी ती थांबली. मी वाचत राहिलो. शेवटपर्यंत वर बघितलं नाही.

बोटांवर गुंडाळलेला दोरा त्या उलगडत होत्या, परत गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "त्याला घाबरायची सवय होती. घाबरला की बोचरं बोलायचा. लहानपणापासून. मला पण बोलायचा." थोड्या वेळाने, "तुला नसेल माहीत. तुला कसं माहीत असणार."

मी म्हणालो, "तुम्हीच सांगा ना तिला फोनवर. लवकर कळेल."

"मी सांगितलं तर म्हणेल आत्या समजूत घालतेय. तुझंच अक्षर हवं." मग हात पुढे केला. "पाकीट दे. पत्ता मी लिहिते. तुझी आधीची तिन्ही तिने न उघडता खणात टाकलीत, तिनेच मला सांगितलं. हेही टाकेल."

त्यांनी पत्ता लिहिला. पाकीट चिकटवायच्या आत मी ही पानं भरतोय, त्यांच्याच टेबलावर. त्या पाठ करून उभ्या आहेत. मघाशी म्हणाल्या, "लिहून झालं की जा. आणि पुन्हा या घरात येऊ नकोस. मला तुझ्याशी चांगलं वागता येणार नाही, आणि वाईट वागायची ताकद नाही."

म्हणजे हे पाकीट तू आत्यांचं समजून उघडलं असशील. आत मी निघालो. तेवढी फसवणूक झाली, आमची दोघांची मिळून. खणातली तीन उघडू नकोस, त्यात मी खोटा आहे. यातलं खरं आहे. हे वाच आणि मग आत्यांना फोन कर. त्या दोन दिवसांपासून जेवलेल्या दिसत नाहीत, आणि आज मी त्यांना एकटं सोडून चाललोय.